टाचणीबाईंनी बसवलेली जोडी

माझ्या थोरल्या नणंदेला कामावर सगळे टाचणीबाई म्हणत. घरी आम्ही त्यांना आक्का म्हणत असू. त्या एका वस्तुसंग्रहालयाच्या कीटक विभागात नोकरीला होत्या. वाळून कडक झालेले कीटक ओलाव्याने मऊ करणे, त्यांचे पाय आणि पंख पसरणे, टाचणीवर बसवणे आणि पुन्हा वाळवणे हे त्यांचे काम होते. आक्कांविषयी लिहायचे तर या कामाविषयीच लिहावे लागते, कारण त्यातून वेगळे काढता येईल असे त्यांच्या आयुष्यात फारसे काही नव्हते.

लग्नानंतर थोड्याच काळात आक्कांचे यजमान तापाने गेले. त्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या यजमानांकडे, राहायला आल्या. भावाच्या घरी बसून खायचे नाही असे ठरवून त्यांनी संग्रहालयात झाडलोटीचे काम धरले. कीटकांच्या खोलीत तेव्हा एक वयस्कर मास्तर बसत. एके दिवशी आक्कांना केरात भुंगेऱ्याचा एक बारीक पाय दिसला. त्यांनी तो केरात जाऊ दिला नाही, उचलून मास्तरांच्या टेबलावर ठेवला.

"हा कुणाचा पाय, बाई?" मास्तरांनी विचारले.

"ज्याचा असेल तो लंगडत शोधत असेल," आक्का म्हणाल्या.

मास्तर पोट धरून हसले. त्या खोलीत मोडलेला अवयव टाकायचा नाही असा नियम होता, आणि तो नियम आक्कांनी कोणी न सांगता पाळला होता. मास्तरांनी त्यांना समोर स्टूल दिले. काही वर्षांनी मास्तर निवृत्त झाले तेव्हा खिडकीजवळचे टेबल आक्कांचे झाले.

ती खोली मी पुष्कळदा पाहिली आहे. एका भिंतीला काचेच्या झाकणांचे खण होते, दुसऱ्या भिंतीला दोन फळ्या होत्या आणि खिडकीशी ते टेबल होते. टेबलावर चिमटे, भिंग, डिंकाची बाटली आणि झाकणाच्या काचेच्या वाट्या असत. सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास भरलेला असे. तो वास आक्कांच्या कपड्यांबरोबर आमच्या घरीही येई. माझे यजमान म्हणत, "आक्का आहे तोवर आपल्या लोकरी कपड्यांना कसर लागायची नाही. ती कपाटासमोरून नुसती गेली तरी पुरे."

आक्कांना शिकवण्याची हौस होती आणि घरात शिकणारी मी एकटीच होते. मी शाळेत गेले नव्हते, लिहा-वाचायला फार उशिरा शिकले, पण स्वयंपाकघरात मेलेले झुरळ सापडले की माझा वर्ग भरत असे. त्या ते कागदावर उलटे ठेवत आणि सुईच्या टोकाने दाखवत.

"हे बघ, किड्याच्या घराला खोल्या तीनच. डोकं, छाती आणि पोट. डोकं खबर काढतं, छाती पळते आणि पोट संसार करतं. पाय सहा, ते सगळे छातीला. पंखही छातीलाच. पोटाला एकही पाय नाही."

"मग पोटाला काम तरी काय?"

"अगं, पचवायचं कुणी? अंडी धरायची कुणी? आणि श्वासही तिथूनच. या कडेला भोकं आहेत ना, तेच त्याचं नाक. याचं नाक दाबून तोंड उघडायला गेलीस तर जन्म जाईल."

माशीला पायांनी चव कळते, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले. मी चकित झाले तेव्हा आक्का म्हणाल्या, "त्यात काय नवल? माशीला पायाला चव कळते आणि तुझ्या नवऱ्याला तोंडालाही कळत नाही. भाजीत मीठ नव्हतं तरी मुकाट जेवून उठला." यजमानांनी ऐकले नाही असे दाखवले, तेव्हा त्यांनाही टोला मिळाला. "रातकिड्याचे कान पुढच्या पायात असतात. तुझे कुठं ठेवलेस, बाबा?"

माझ्या हातात सतत काही ना काही असे, म्हणून त्या मला मुंगी म्हणत. त्यांच्या विभागात कीटकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहिणारी एक तरुण बाई होती. तिला फार मोठ्या काचांचा चष्मा होता. पाण्याकाठी उडणाऱ्या चतुराचे सगळे डोके म्हणजे डोळेच असतात, म्हणून आक्कांनी तिचे नाव चतुर ठेवले होते. ते नाव तिने आनंदाने पत्करले.

टाचणी टोचण्याचा एक नियम येथे सांगितला पाहिजे. भुंगेऱ्याला टाचणी मधोमध टोचत नाहीत. ती उजव्या ढालीतून, म्हणजे उजव्या कडक पंखातून, खाली नेतात. टाचणीने उजवी बाजू बिघडली तरी डावी शाबूत राहते आणि डावी पाहून उजवी कशी होती हे समजते. एकदा शेजारच्या एका बाईंनी आक्कांजवळ बसून खूप हळहळ केली. इतक्या लहान वयात असे व्हायला नको होते, पुढचे कसे निभावले, वगैरे. आक्कांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "टाचणी उजवीकडून गेली हो. डावीवर बरं चाललंय." त्या बाईंना काही उमगले नाही. मला उमगले, आणि मी आत जाऊन डोळे पुसले.

आता मला त्यांच्या डोळ्यांविषयी लिहायचे आहे.

आक्का साठीच्या जवळ आल्या तेव्हा त्या माझ्याकडे तिरके पाहू लागल्या. मी बोलत असले की त्या मान वळवून, जणू कान देऊन, पाहत. आधी मला वाटले की त्या रुसल्या आहेत. मग एकदा त्यांनी पेला टेबलावर ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर. पेला फुटला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पुष्कळ वेळ तपासले. ते म्हणाले, "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेकडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल. पण नजर जिथं रोखाल तिथंच धुकं दिसेल. याला ऑपरेशन नाही."

"बारीक काम?" आक्कांनी विचारले.

"कसलं काम करता?"

आक्कांनी सांगितले. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला.

बाहेर आल्यावर आक्का म्हणाल्या, "मुंगे, कामावर हे कळता कामा नये. घरातही नको. ते टेबल गेलं तर मी उठून जाऊ कुठं?"

"घर आहे की, आक्का."

"घर तुझं आहे, बाई. तू चांगली आहेस म्हणून ते माझंही आहे. टेबल मात्र माझं आहे."

मी वचन दिले आणि ते पाळले.

त्यानंतरही त्यांनी काम चालू ठेवले. हातांना सवय होती. भुंगेऱ्याची ढाल कुठे संपते हे त्यांना नखाने समजे. पंख पुरेसा मऊ झाला की नाही हे त्या चिमट्याने जोखत. वेळ जास्त लागे, म्हणून त्या लवकर जाऊ लागल्या. लोकांना वाटले की वयाबरोबर बाईंचा उत्साह वाढला आहे.

अशा वेळी संग्रहालयात नवे दालन उघडायचे ठरले. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांनी आक्कांना बोलावून सांगितले, "बाई, सगळी मांडणी तुमच्या हातची हवी. अवयव तोच, पण प्रत्येक कीटकाकडे त्याचं काम वेगळं, हे लोकांना नुसत्या नजरेनं कळलं पाहिजे."

आक्कांचे आजवरचे काम खणांत बंद राहिले होते. ते अभ्यासकांखेरीज कोणी पाहिले नव्हते. आता ते सर्वांसमोर येणार होते. त्या दिवशी घरी येऊन त्या इतक्या बोलल्या की जेवण गार झाले. एका पेटीत तोंडे असणार होती. नाकतोड्याचा कातरीसारखा जबडा, डासाची सुई, फुलपाखराची गुंडाळलेली सोंड आणि माशीचा टिपून घेणारा बोळा. दुसऱ्या पेटीत पाय असणार होते. उडीचा पाय, वल्ह्याचा पाय, फावड्याचा पाय आणि मधमाशीचा परागाची टोपली असलेला पाय. तिसऱ्या पेटीत मिशा, म्हणजे डोक्यावरच्या त्या दोन शिंगांसारख्या काड्या, ज्यांना चतुर चिठ्ठीवर शृंगिका असे लिहिणार होती.

"आणि मिशांच्या पेटीत मधोमध मोठ्या पतंगाची जोडी," आक्का म्हणाल्या. "हा पतंग म्हणजे गरीब जीव. त्याला तोंडच नसतं."

"मग खातो काय?"

"काही नाही. अळी असताना खाल्लेलं असतं, त्यावर थोडे दिवस काढतो. पाहुणा असावा तर असा. त्याला जगून एकच काम करायचं असतं, मादी शोधायची. अंधारात, कुठल्या कुठं बसलेली. ती हलत नाही, नुसता वास सोडते. म्हणून नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, वारा गाळून तेवढा वास पकडायला. मादीला शोधायचं नसतं, म्हणून तिच्या मिशा दोऱ्यासारख्या बारीक. तिचं पोट मात्र अंड्यांनी भरलेलं, गलेलठ्ठ."

आधीच्या दोन पेट्या नीट झाल्या. पतंगाची जोडी राहिली होती. पुढे जे घडले ते मला चतुरने नंतर सांगितले, आणि तिने सांगितले तसेच मी लिहीत आहे.

जोडी ओलाव्याच्या पेटीत जरा जास्त वेळ राहिली. झाकणाच्या आत धरलेले दव आक्कांना दिसले नाही. त्यामुळे चारही मिशांचे सांधे सुटले. असे पूर्वीही होत असे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. आक्कांनी नराच्या मिशा डावीकडच्या वाटीत ठेवल्या, मादीच्या उजवीकडच्या वाटीत, आणि झाकणे लावली. पंख पसरलेला नर त्यांनी भिंतीच्या वरच्या फळीवर वाळायला ठेवला आणि मादी खालच्या फळीवर. ही त्यांची कायमची रीत होती. आता तर रीत हीच त्यांची नजर झाली होती.

चतुरला तोवर संशय आला होता. बाईंना उजेड कमी पडतो एवढेच तिने ओळखले. आक्का जेवायला गेल्या असताना तिने शिपायाच्या मदतीने ते टेबल खिडकीकडे सरकवले आणि बसायची खुर्ची पलीकडच्या बाजूला ठेवली, म्हणजे बसणाऱ्याच्या तोंडावर खिडकी येईल. वरची एकही वस्तू तिने हलवली नाही. तिने जपून, तबक उचलावे तसे टेबल सरकवले. आक्का परतल्या तेव्हा ती म्हणाली, "बाई, बघा, आता उजेड समोरून येतो की नाही?"

आक्कांनी तिची पाठ थोपटली. "शहाणी आहेस." आणि त्या नव्या बाजूने टेबलाशी बसल्या. डावीकडची वाटी आता उजवीकडे गेली होती. हे त्यांच्या ध्यानात यायला हवे होते, आणि कदाचित आलेही असेल. पण विचारायचे म्हणजे दिसत नाही हे कबूल करायचे. पतंग वाळल्यावर त्यांनी डाव्या वाटीतल्या मिशा नराला चिकटवल्या आणि उजव्या वाटीतल्या मादीला.

चतुरने ते दुसऱ्या दिवशी पाहिले. ती साहेबांकडे गेली. साहेब भिंग घेऊन आले, पाहून गेले आणि तिला म्हणाले, "राहू दे. आता सोडवायला गेलो तर मोडतील. बाईंना सांगू नकोस. त्यांचा दिवस आनंदात जाऊ दे, मग हळूच बदलू." त्यांना आक्कांविषयी आदर होता आणि त्या आदरापोटीच ते असे म्हणाले, हे मी येथे आवर्जून लिहिते.

दालन उघडण्याच्या दिवशी आक्कांनी मला बरोबर घेतले. त्या माझा दंड धरून चालत होत्या. बघणाऱ्याला वाटले असते की दोघी म्हाताऱ्या एकमेकींना सावरत आहेत. पेटीशी पोहोचल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काचेवर उजेड चमकतो, मला काही दिसत नाही. तू सांग. जे दिसेल ते सांग, माझं कौतुक सांगू नकोस."

मी सांगत गेले. डासाची सुई अगदी सरळ आहे. फुलपाखराची सोंड घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळली आहे. नाकतोड्याचा पाय आत्ता उडी मारील असा आहे. आक्का मान हलवत होत्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. लोक वाकून पाहत होते. कोणीतरी म्हणाले, "हे हातांनी केलंय?" आणि आक्कांनी माझा दंड दाबला.

मग आम्ही तिसऱ्या पेटीपाशी आलो. खालच्या चिठ्ठ्या मला तेव्हा वाचता येत नव्हत्या, पण पोट ओळखता येत होते. एक पतंग सडसडीत होता आणि एक गलेलठ्ठ. आणि पिसे गलेलठ्ठ पतंगाच्या डोक्यावर होती.

"थांबलीस का?" आक्कांनी विचारले.

चतुर आमच्या मागे उभी होती. तिने माझ्या पदराला हळूच ओढ दिली आणि डोळ्यांनी 'नको' असे सांगितले. मी आक्कांकडे पाहिले. त्या माझ्याकडे कान देऊन, तिरके, पाहत होत्या.

"आक्का," मी म्हणाले, "पिसं मादीला आहेत."

त्या काचेकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "नीट बघ. पोट बघ."

"पोटच बघितलं, आक्का."

त्यांनी माझा दंड सोडला आणि विचारले, "आणि नराला?"

"दोरे."

साहेब लगबगीने आले. ते म्हणाले, "बाई, अहो, हे कुणाच्याही ध्यानात येणार नाही. आम्ही नंतर बदलणारच होतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

साहेबांनी चतुरकडे पाहिले.

"आणि तुला गं, चतुर?"

चतुर रडू लागली. आक्का काचेकडे तोंड करून, पण काचेच्या पलीकडे कुठेतरी पाहत म्हणाल्या, "साहेब, त्याला दुसरं काहीच येत नाही. खाता येत नाही, चावता येत नाही. एक तेवढं शोधायचं असतं. आणि मी त्याचं शोधायचंच काढून घेतलं. ही पेटी बंद करा."

"उद्या सुट्टी आहे, उद्या उघडू."

"उद्या उघडा. आज झाका."

साहेबांनी पेटीवर कापड टाकायला लावले.

दुसऱ्या दिवशी मीही गेले होते. पेटी त्या खोलीत आणून टेबलावर ठेवली होती. चतुरने चिमटा आक्कांपुढे धरला आणि म्हणाली, "तुम्हीच करा, बाई. मी वाट्या धरते." आक्कांनी हात पुढे केला. तो चिमट्यापर्यंत गेला नाही. त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"तू कर. डिंकावर कुंचल्यानं एक थेंब. थांब. आता मोजून श्वास सोड. ओढायचं नाही, सुटेपर्यंत वाट पाहायची."

चतुरने तसेच करून आधी नराच्या डोक्यावरचे दोरे सोडवले, मग मादीच्या पिसांना हात घातला. पहिले पीस सुटले. ते नराच्या डोक्यावर बसले, अगदी नीट बसले. दुसरे उचलताना मधोमध मोडले आणि त्याची बारीक बारीक दातेरी टोके कागदावर राखेसारखी सांडली. चतुरला हुंदका आला.

"रडू नकोस, पाणी पडेल त्याच्यावर," आक्का म्हणाल्या. "किती राहिलं?"

"एकच, बाई."

"एका मिशीनं वास कळेल, दिशा कळायची नाही." मग त्या म्हणाल्या, "ही जोडी खणात ठेव. तुकडे चिठ्ठीवर चिकटवून त्याच्याच टाचणीला लाव. आणि दुसरी जोडी तू कर. ओलाव्याच्या पेटीचं झाकण मधूनमधून पुसत जा."

आक्का काम सोडते म्हणाल्या तेव्हा साहेबांनी त्यांना जाऊ न देण्याचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "बाई, टेबल राहू द्या. तुम्ही दालनात खुर्चीवर बसा, येणाऱ्या मुलांना समजावून सांगा. तुमच्यासारखं कोण सांगेल?"

"सांगताना बोट दाखवावं लागतं, साहेब," आक्का म्हणाल्या. "माझं बोट कुठं जाईल याची मलाच खात्री नाही."

मग त्यांनी टेबलावर हात फिरवला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला, पण कोणतीही वस्तू उचलली नाही. घरी येताना वाटेत त्या एवढेच म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस, मुंगे." त्यांचा आवाज कोरडा होता. त्यांना ते खरोखर बरे वाटले का, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. आक्का नेहमीच्या वेळी उठल्या होत्या. कामावर जायचे कपडे घालून, केस विंचरून, पिशवी मांडीवर घेऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मी पेला खाली ठेवला आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी ती घेऊ दिली.